घरातला कामाचा कोपरा



आज आपण घराविषयी वाचणार आहोत. बंगल्याविषयी नाही, तुमच्या-माझ्यासारख्या दोन खोल्यांच्या घराविषयी. अशा घरात कोणी कपडे शिवते, कोणी गोधड्या शिवते, कोणी टोपल्या विणते. हे काम करायला वेगळी खोली कोठून आणावी? आणि पैसे तरी कोठून आणावेत? या धड्यात खरी घडलेली हकीकत आहे. ती सावकाश वाचा. शेवटी हिशोब दिला आहे, तोही करून पाहा.

मी वाडीत राहतो. वाडी हे नागपूरच्या पश्चिमेला, अमरावतीच्या रस्त्यावर आहे. रस्त्याच्या कडेला मालाची गोदामे आहेत आणि ट्रकांची रांग असते. पण जुन्या वस्तीत मातीच्या भिंतींची आणि कवेलूंची घरे अजून आहेत. मी शाळेतून निवृत्त झालो, तेव्हापासून संध्याकाळी माझ्या ओसरीवर प्रौढांचा वर्ग भरतो.

या वर्गात एक बाई येतात. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. आपण त्यांना शिवणवाल्या बाई म्हणू. त्यांचे यजमान गोदामात हमाली करतात. घरात म्हाताऱ्या सासूबाई आहेत, दोन मुले आहेत. बाई शिलाई मशीनवर ब्लाउज आणि मुलांचे शाळेचे कपडे शिवतात. हात चांगला आहे. गिऱ्हाईकही येते.

एका रात्रीत काय झाले?

मे महिना होता. लग्नसराई चालू होती. एका गिऱ्हाईकाने लग्नातल्या ब्लाउजासाठी रेशमी कापड आणून दिले. बाईंनी ते पिशवीत घातले आणि पिशवी ज्वारीच्या पोत्यावर ठेवली. दुसरी जागाच नव्हती. रात्री उंदीर आला. त्याला ज्वारी हवी होती. पण वाटेत पिशवी आली. सकाळी पाहतात तो कापडाला चार भोके!

बाईंना कापडाचे ८५० रुपये भरून द्यावे लागले. एका ब्लाउजची शिलाई त्या १२० रुपये घेतात. सात ब्लाउजांची शिलाई होते ८४० रुपये. म्हणजे सात ब्लाउजांची मेहनत एका रात्रीत गेली, वर दहा रुपये खिशातून गेले.

घरात बोलणे झाले. सासूबाई म्हणाल्या, "विकून टाका ते मशीन. घरात नुसता पसारा." यजमानही गप्प राहिले. गप्प राहणे म्हणजे हो म्हणणेच.

त्या दिवशी बाई वर्गाला आल्या, पण पाटी पुढे घेतली नाही. मी विचारले, "काहून, बाई? आज लिहायचे नाही?"

त्या म्हणाल्या, "गुरुजी, मशीन विकाचं म्हणतात घरी. दोन खोल्यांचं घर. जागा कुठून आणू जी?"

मी म्हटले, "मशीन विकण्याआधी एकदा घर पाहू द्या."

घरात काय दिसले?

दुसऱ्या दिवशी मी आणि माझ्या घरची मंडळी त्यांच्याकडे गेलो. आम्ही एक कागद घेतला. कोणती वस्तू कोठे आहे, ते बाईंनाच लिहायला सांगितले. त्यांनी असे लिहिले :

मशीन – दारामागे.
कात्री – पाण्याच्या माठाजवळ.
सुया – देवाच्या कोनाड्यात.
दोरे – डब्यात, टेपाबरोबर, सगळे गुंतलेले.
मशीनचे तेल – कापडांच्या गाठोड्यात.
गिऱ्हाइकांची कापडे – पोत्यावर, खाटेवर, खुंटीवर.

लिहून झाल्यावर त्यांनी कागद वाचला आणि त्यांना हसू आले. म्हणाल्या, "सारं घर पुरलं नाही, गुरुजी, एवढ्याशा कामाला!"

मला हेच सांगायचे होते. ज्या वस्तूला स्वतःची जागा नसते, ती सगळे घर अडवते. तिला चार हात जागा ठरवून दिली, की बाकीचे घर मोकळे होते. अडचण जागा कमी असण्याची नव्हती, जागा न ठरवल्याची होती.

जागा कशी निवडावी?

पुढची खोली दहा फूट लांब आणि नऊ फूट रुंद होती. म्हणजे ९० चौरस फूट. त्यातला पाच फूट बाय चार फूट, म्हणजे २० चौरस फुटांचा कोपरा आम्ही ठरवला. निवडताना तीन गोष्टी पाहिल्या.

पहिली गोष्ट उजेड. मशीनची सुई शिवणाऱ्याच्या डाव्या हाताला असते. म्हणून खिडकी डावीकडे यावी. उजेड थेट सुईवर पडतो आणि हाताची सावली कामावर येत नाही. दारामागे बसून बाई अंधारात शिवत होत्या. काळे कापड असले की टाका दिसत नसे.

दुसरी गोष्ट चूल. चुलीचा धूर आणि फोडणीचे तेल कापडाला लागू नये, इतके अंतर हवे.

तिसरी गोष्ट वाट. जेथून मुले धावतात, माणसे ये-जा करतात, तेथे सुई-कात्रीचे काम नको.

भिंत कशी सजवावी?

कोपरा ठरला. आता तो देखणा हवा. बाई म्हणाल्या, "बाजारात चकचकीत कागद मिळतो, फुलाफुलांचा. तो चिकटवू काय?" भाव विचारला तर एका भिंतीला तीन-चारशे रुपये लागणार होते. शिवाय मातीच्या भिंतीला ओल येते. ओलीवर कागद टिकत नाही.

तेव्हा माझ्या घरच्या मंडळींनी आठवण दिली, "अहो, सेवाग्रामला काय पाहिलं होतं आपण?"

त्याआधीच्या हिवाळ्यात आमचा वर्ग वर्ध्याला आणि सेवाग्रामला जाऊन आला होता. वर्धा नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटर. तेथून सेवाग्राम सुमारे ८ किलोमीटर. महात्मा गांधी १९३६ साली तेथे राहायला आले. तेव्हा त्या गावाचे नाव शेगाव होते. १९४० साली ते सेवाग्राम झाले.

तेथे बापूकुटी आहे. भिंती मातीच्या, वर बांबू आणि कवेलू. ही झोपडी आधी मीराबेन यांची होती. मीराबेन मूळच्या इंग्लंडच्या. त्यांचे वडील इंग्रजांच्या आरमारात मोठे अधिकारी होते. १९२५ साली त्या भारतात आल्या आणि गांधीजींच्या कामात राहिल्या. कापूस पिंजणे आणि सूत कातणे गावातल्या लोकांना शिकवावे, यासाठी त्यांनी ही झोपडी बांधून घेतली. म्हणजे तीही कामाचीच खोली होती. पुढे गांधीजी तेथे राहू लागले.

त्या झोपडीच्या भिंतीवर मीराबेननी ताडाची झाडे आणि चरखा काढला आहे. रंगाने नाही. भिंतीचीच माती, ती जराशी उठावाने लिंपून. पैशाचा रंग नाही, विकतचा कागद नाही. तरी माणूस भिंतीपुढे उभा राहून पाहत राहतो.

बाईंना ते आठवले. त्या म्हणाल्या, "मी पण करीन. पण ताडाचं नाही जी, संत्र्याचं झाड काढीन." काटोलकडे त्यांचे माहेर आहे. तिकडे संत्र्यांच्या बागा आहेत.

माती कशी करायची, ते वाचा. चाळलेली माती घ्यावी. तीत बारीक कुटार आणि थोडे शेण घालावे. पाणी घालून दोन-तीन दिवस भिजू द्यावे आणि रोज तुडवावे. भिंत आधी ओली करावी, म्हणजे नवी माती धरते. उठाव अर्ध्या बोटापेक्षा जाड करू नये. उन्हाळ्यात माती लवकर वाळते आणि तडकते. म्हणून दिवसातून दोनदा पाण्याचा हलका शिपका द्यावा. बाईंच्या झाडाची एक फांदी तडकलीच. त्यांनी ती ओली करून बोटाने पुन्हा लिंपली.

झाड वाळल्यावर सगळ्या कोपऱ्याला चुना दिला. चुन्याने कोपरा उजळतो, कारण पांढरी भिंत उजेड परत फेकते. चुना रात्रभर पाण्यात भिजवावा, कापडातून गाळावा, मूठभर मीठ घालावे. पातळ दोन हात द्यावेत. एकदम जाड दिला तर पोपडे निघतात. चुना भिजवताना उकळतो. मुलांना दूर ठेवा. डोळ्यात उडाला तर लगेच भरपूर पाण्याने डोळा धुवा आणि दवाखान्यात जा.

शेवटी बाईंनी गेरूने संत्री रंगवली आणि खाली एक पट्टा ओढला. ज्यांच्या भिंती सिमेंटच्या आहेत, त्यांनी मातीचा उठाव करू नये. तो सुटतो. त्यांनी चुन्यावर नुसत्या गेरूने काढावे.

वस्तू कोठे ठेवाव्यात?

नागपूरला संत्र्यांच्या जुन्या लाकडी पेट्या स्वस्तात मिळतात. तशी चार खोकी आणली. खिळे ठोकून, पॉलिश-कागदाने घासून घेतली. दोनावर दोन अशी आडवी रचली. चार खणांचे कपाट तयार झाले. खाली विटा ठेवल्या, म्हणजे ओल आणि वाळवी लागत नाही. पुढे जुन्या साडीचा पडदा लावला.

खोक्याला फटी असतात. फटीतून उंदीर जातो. म्हणून गिऱ्हाईकाचे कापड खोक्यात ठेवायचे नाही, असा नियम केला. बाईंच्या लग्नातली पत्र्याची पेटी खाटेखाली होती. तीत जुने कपडे कोंबले होते. सासूबाईंची परवानगी घेऊन ती रिकामी केली. झाकण घट्ट बसते. तीत उंदीर शिरत नाही. कडुलिंबाचा वाळलेला पाला घातला, त्याने कसर लागत नाही. पण लक्षात ठेवा, पाल्याने उंदीर थांबत नाही. उंदराला पत्राच हवा.

मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही. म्हणून वाशांना दोरी बांधून एक बांबू आडवा टांगला. त्यावर कात्री, टेप आणि कागदाची मापे लटकवली. लहान मुलाचा हात तेथे पोचत नाही.

कापड कापायला मेज हवे. घरात जुन्या दाराची एक फळी होती. ती तीन फूट बाय दोन फूट कापली आणि खिडकीच्या चौकटीला बिजागऱ्यांनी लावली. साखळी गजाला अडकवली. काम असले की फळी वर, काम संपले की खाली. जागा अडत नाही.

मशीनच्या तेलाला वेगळा डबा दिला, पुसायची चिंधी त्यातच. तेल घातल्यावर आधी चिंधीवर दोन हात शिवावे, मग गिऱ्हाईकाचे कापड घ्यावे. म्हणजे डाग पडत नाही. सुया हरवू नयेत म्हणून जुन्या रेडिओतले लोहचुंबक दोरीला बांधले. काम झाले की ते जमिनीवरून फिरवायचे. सुई आपोआप चिकटून येते. मुलांच्या पायाची काळजी मिटली.

संध्याकाळसाठी ९ वॅटचा एलईडी दिवा लावला. जोडणी जाणत्या माणसाकडून करून घेतली. असा दिवा सुमारे १११ तास चालतो, तेव्हा एक युनिट वीज लागते. जुना ६० वॅटचा दिवा एका युनिटमध्ये सुमारे १७ तासच चालत असे.

लिहिता येते, ते कामी लावा

वर्ध्याला आम्ही मगन संग्रहालयही पाहिले होते. गांधीजींचे नातलग आणि सहकारी मगनलाल गांधी १९२८ साली वारले. त्यांच्या नावाने हे संग्रहालय आहे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते ते उघडले. खेड्यातल्या उद्योगांची साधने तेथे मांडली आहेत. बाईंनी तेथे नावाच्या पाट्या एकेक अक्षर लावून वाचल्या होत्या.

आता त्यांनी स्वतः पाट्या लिहिल्या. डब्यांवर कागद चिकटवले : सुया. गुंड्या. हुक. पांढरा दोरा. काळा दोरा. पत्र्याच्या पेटीत तीन पिशव्या केल्या. एकीवर लिहिले "आलेले", दुसरीवर "चालू", तिसरीवर "तयार". कापड आले की लगेच चिठ्ठी लिहायची आणि टाचणीने लावायची. चिठ्ठीवर गिऱ्हाईकाचे नाव, तारीख, माप, शिलाई, आणि कधी द्यायचे तो दिवस. तेच वहीत उतरवायचे. पूर्वी त्या सगळे डोक्यात ठेवत. दोघींची मापे कधी कधी बदलत. आता डोके मोकळे झाले.

खर्च किती आला?

चुना, ५ किलो – १०० रुपये
गेरू – ४० रुपये
जुनी खोकी, ४ – १२० रुपये
खिळे आणि हुक – ६० रुपये
दोरी – ३० रुपये
एलईडी दिवा – १०० रुपये
होल्डर, वायर आणि जोडणीची मजुरी – २०० रुपये
बिजागऱ्या आणि साखळी – ९० रुपये
वही आणि पेन – ५० रुपये
एकूण – ७९० रुपये

माती, कुटार, फळी, बांबू, डबे, विटा, साडी हे घरचेच. मेहनत घरच्यांची, सुट्टीच्या दिवशी यजमानांचीसुद्धा. भाव गावोगाव कमी-जास्त असतील. पण एक गोष्ट पाहा. उंदराने खाल्लेल्या कापडाची भरपाई होती ८५० रुपये. सगळा कोपरा झाला ७९० रुपयांत.

एक चूक माझी

हेही सांगितले पाहिजे. खोकी भिंतीला अगदी टेकवून लावा, असे मीच सांगितले होते. श्रावणात झड लागली. भिंतीला ओल आली आणि मागच्या खणातल्या अस्तराच्या कापडाला बुरशी लागली. कापड बाईंचे स्वतःचे होते, म्हणून निभावले. मग खोकी भिंतीपासून चार बोटे पुढे ओढली. वारा खेळू लागला. पावसाळ्यात ऊन पडेल त्या दिवशी पेटी उघडून कापडांना ऊन दाखवायचे, असेही ठरवले. मास्तर झाला म्हणून त्याला सगळे कळते असे नाही.

आता काय आहे?

मशीन विकले नाही. शाळा सुरू व्हायच्या वेळी गणवेशांचे काम आले. ते वेळेवर दिले गेले. पूर्वी मुले मशीनशी खेळत, दोरा ओढत. आता त्या कोपऱ्यात आईला विचारल्याशिवाय कोणी हात लावत नाही. कारण ती आईची कामाची जागा आहे, हे त्यांना दिसते.

पेटीतून निघालेले जुने कपडे आणि खणात साठलेल्या चिंध्या सासूबाईंनी मागून घेतल्या. दुपारी त्या फळीखाली चटई टाकून बसतात आणि गोधडी शिवतात. परवा मी गेलो, तेव्हा त्या सुनेला म्हणत होत्या, "माझ्या सुईला पण एक डबा दे न. अन् त्याच्यावर माझं नाव लिही."

बाईंनी विचारले, "वाचता येईल काय तुम्हाला?"

त्या म्हणाल्या, "नाही येत. पण डबा माझा आहे, हे लोकांना त वाचता येईल."

पुढच्या सोमवारपासून त्या वर्गाला येणार आहेत.

विचार करा आणि लिहा

१. तुमच्या घरात कोणते हातकाम चालते? त्या कामाच्या वस्तू कोठे कोठे आहेत, त्यांची यादी करा.

२. तुमच्या घरात सकाळी सगळ्यांत जास्त उजेड कोठे येतो? तेथे बसून एकदा काम करून पाहा.

३. वरच्या खर्चात एलईडी दिवा, होल्डर, वायर आणि जोडणी धरली नाही, तर एकूण किती रुपये होतील?

४. घरातल्या पाच डब्यांवर त्यांत काय आहे ते लिहून चिकटवा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना ते वाचून दाखवा.